पापण्यांची सौंदर्यशस्त्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरच्या पापणीवर लोंबणारी कातडी, डोळ्यांखाली आलेल्या पिशव्या, पुरेशी झोप होऊनही थकलेला दिसणारा चेहरा. या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची मागणी बहुधा एकच असते: जास्तीचं काढून टाका. पापणीच्या बाबतीत मात्र किती काढलं यापेक्षा किती ठेवलं हे महत्त्वाचं. पापणी पूर्ण मिटली नाही तर कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक भाग, कोरडा पडतो आणि डोळे कितीही छान दिसले तरी त्यांचा रोज त्रास होतो. खालची उत्तरं हे लक्षात ठेवून वाचावीत.

या शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात?

वैद्यकीय नाव ब्लेफरोप्लास्टी. वरच्या पापणीत सैल पडलेल्या कातडीची एक पट्टी काढतात, गरज असेल तर तिच्याखालच्या स्नायूची बारीक पट्टी आणि पुढे आलेली थोडी चरबीही काढतात. खालच्या पापणीत मुख्य काम चरबीचं असतं. ती थोडी कमी करतात किंवा जागेवरून सरकवून खोलगट भागात बसवतात. कातडी काढायची झालीच तर अगदी जपून काढतात. वरच्या, खालच्या किंवा चारही पापण्या एका वेळी करता येतात. नुसत्या वरच्या दोन पापण्यांना साधारण ४५ मिनिटं ते एक तास लागतो, चारही करायच्या तर दोन ते तीन तास. बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येतं.

पापणी जड आहे, म्हणजे शस्त्रक्रिया लागणारच ना?

तसं नाही. या प्रश्नावर पुरेसा वेळ घालवला नाही तर पुढचं सगळं चुकतं. पापणी जड दिसण्याची तीन वेगवेगळी कारणं असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं कारण म्हणजे जास्तीची कातडी. कातडीची घडी पापणीच्या केसांवर येऊन टेकते, पण तिच्याखालची पापणीची कड योग्य उंचीवर असते. ब्लेफरोप्लास्टी याच दोषावर चालते.

दुसरं कारण टोसिस. यात पापणी उचलणारा स्नायू किंवा त्याचा पडदा सैल पडलेला असतो, त्यामुळे पापणीची कडच खाली उतरते. सरळ समोर पाहताना बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर साधारण ४ ते ५ मिलिमीटर असतं. ते २ मिलिमीटरच्या आसपास आलं असेल, तर नुसती कातडी काढून डोळा उघडणार नाही. स्नायू घट्ट करण्याची वेगळी शस्त्रक्रिया लागते. ती कित्येकदा त्याच छेदातून करता येते, पण आधी ठरलेली असावी लागते. पापणी दिवसभरात कमी-जास्त खाली येत असेल, संध्याकाळी जास्त जड होत असेल किंवा मधूनच दोन-दोन दिसत असेल, तर आधी मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायूंच्या आजाराची तपासणी करावी.

तिसरं कारण भुवई. वयोमानाने भुवई खाली सरकते आणि तिच्यासोबत कातडीही पापणीवर येते. आरशासमोर बसा, कपाळ सैल सोडा आणि बोटाने भुवई हाडाच्या कडेपर्यंत हलकेच वर उचला. पापणीवरची बरीचशी कातडी नाहीशी झाली, तर मूळ दुखणं भुवईचं आहे. अशा वेळी पापणीतून भरपूर कातडी काढली की भुवई आणखी खाली ओढली जाते. शिवाय पुढे कधी भुवई उचलायची ठरली तर डोळा मिटायला कातडीच उरत नाही. कपाळाला सतत आठ्या घालून डोळे उघडे ठेवायची सवय असलेल्यांमध्ये हे हमखास निसटतं. पापणी हलकी झाली की ते कपाळ सैल सोडतात आणि भुवई तिच्या खऱ्या जागी, म्हणजे खाली येते.

या शस्त्रक्रियेने काय जात नाही?

काळी वर्तुळं जातीलच असं नाही. काळेपणा पिशवीच्या सावलीमुळे असेल तर पिशवी गेल्यावर कमी दिसतो, पण कातडीचा रंगच गडद असेल किंवा पातळ कातडीतून खालच्या शिरा दिसत असतील तर फरक पडत नाही. बोटाने कातडी ताणून पाहा. ताणल्यावर सावली नाहीशी होते, रंग तसाच राहतो.

डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या हसताना पडणाऱ्या सुरकुत्या राहतात, कारण त्या स्नायूच्या हालचालीने पडतात. गालाच्या हाडावर येणारी फुगीर सूज, जी मीठ जास्त खाल्ल्यावर किंवा सकाळी वाढते, तीही राहते. उलट शस्त्रक्रियेनंतर काही महिने ती जास्त फुगू शकते. अशी सूज असणाऱ्यांना हे आधीच स्पष्ट सांगायला हवं.

यासाठी योग्य वय कोणतं?

ठराविक वय नाही. वरच्या पापणीसाठी लोक बहुधा चाळिशीनंतर येतात. खालच्या पिशव्या काही घरांत पिढ्यानपिढ्या दिसतात आणि पंचविशी-तिशीतच ठळक होतात. अशा तरुण माणसाची कातडी घट्ट असते, म्हणून फक्त चरबीचं काम पुरतं.

कोणी थांबावं, कोणी करूच नये?

डोळे कोरडे पडण्याचा त्रास असणाऱ्यांनी सगळ्यात जास्त सावध राहावं. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पापण्यांची उघडझाप अपुरी होते आणि अश्रूंचा थर लवकर सुकतो. आधीच कोरडे असलेले डोळे यात फार होरपळतात. कोरडेपणावर आधी उपचार करावेत, तो आटोक्यात आल्यावर मोजकीच कातडी काढावी. काही जणांना नकार देणं हाच प्रामाणिक सल्ला असतो.

चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी कॉर्नियावर लेझर करून घेतलं असेल, तर साधारण सहा महिने जाऊ द्यावेत, कारण त्या उपचारानेही डोळे कोरडे पडतात आणि कॉर्नियाची संवेदना मंदावते. थायरॉइडमुळे डोळे बाहेर आले असतील तर आजार किमान सहा महिने स्थिर असायला हवा. तिथे क्रमही ठरलेला आहे: आधी डोळ्याच्या खोबणीचं काम, मग तिरळेपणाचं, पापण्या सगळ्यात शेवटी. चेहऱ्याचा अर्धांगवायू होऊन गेला असेल तर तो बरा झाला तरी सर्जनला सांगा, कारण डोळा मिटण्याची ताकद थोडी कमी राहिलेली असू शकते. रक्तदाब किंवा साखर हाताबाहेर असेल, पापणीवर किंवा डोळ्यात संसर्ग असेल, गर्भारपण किंवा अंगावर पाजणं चालू असेल, तर घाई करू नये.

आणि जे दुसऱ्या कुणासारखे डोळे मागायला येतात किंवा आरशात मिलिमीटरभराचा दोष शोधत बसतात, त्यांनीही थांबावं. त्यांचं समाधान शस्त्रक्रियेने क्वचितच होतं.

पहिल्या भेटीत कोणत्या तपासण्या व्हायला हव्यात?

दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी तपासून नोंदवायला हवी. हे साधं वाटतं, पण पुढे कधी नजरेची तक्रार आली तर आधी काय होतं याचा पुरावा हाच. पापणीच्या कडेची उंची, घडीची उंची आणि भुवईची जागा पट्टीने मोजतात. डोळे हलके मिटायला सांगून फट राहते का ते पाहतात. मिटलेली पापणी हाताने उघडून बुबुळ आपोआप वर सरकतं का हेही पाहतात, कारण थोडी फट राहिलीच तर या सवयीमुळे कॉर्निया झाकला जातो.

अश्रू मोजण्यासाठी खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी ५ मिनिटं ठेवतात. ती १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर शंका घ्यावी, ५ पेक्षा कमी भिजली तर कोरडेपणा पक्का समजावा.

खालच्या पापणीसाठी आणखी एक परीक्षा आहे आणि ती झालीच पाहिजे. पापणी चिमटीत धरून खाली ओढून सोडतात. ती लगेच डोळ्याला जाऊन चिकटली तर घट्ट आहे. सावकाश परतली किंवा डोळे मिचकावेपर्यंत लोंबत राहिली तर सैल आहे. सैल पापणीतून कातडी काढली आणि बाहेरच्या कोपऱ्याला आधार दिला नाही, तर ती खाली ओढली जाते किंवा बाहेरच्या बाजूला उलटते.

फोटो समोरून, दोन्ही बाजूंनी, वर-खाली पाहताना आणि डोळे मिटून असे सगळे घ्यावेत. तुमचे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे दोन-तीन फोटो सोबत न्या. तुमचे डोळे मूळचे कसे होते हे त्यावरून कळतं.

सर्जनला काय विचारावं?

डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जरीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत काम करणारे कान-नाक-घसा तज्ज्ञ ही शस्त्रक्रिया करतात. पदवीइतकंच पापण्यांचं काम नियमित होतं का हे पाहावं. माझा दोष कातडीचा, स्नायूचा की भुवईचा? किती कातडी ठेवणार? खालची पापणी सैल असेल तर कोपऱ्याला आधार देणार का? रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर फोन कोण उचलेल आणि मला कुठे यायचं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत मिळालं, तर दुसरा सर्जन पाहा.

आधी कोणती औषधं बंद करावी लागतात?

अ‍ॅस्पिरिन साधारण ७ ते १० दिवस आधी बंद करतात, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या काही दिवस आधी. व्हिटॅमिन ई, फिश ऑइल, जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि लसणाच्या कॅप्सूलनीही रक्तस्राव वाढू शकतो. लोक यांना औषध मानत नाहीत, म्हणून सांगायचं राहून जातं. घरातल्या सगळ्या डब्या-बाटल्यांची यादीच घेऊन जा.

मात्र हृदयात स्टेंट असेल, झडप बदललेली असेल किंवा पूर्वी पक्षाघात झाला असेल, तर रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांचा आणि सर्जनचा सल्ला एकत्र घ्या. पापण्यांची शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते.

धूम्रपान किमान चार आठवडे आधी थांबवावं. तोंडावर किंवा डोळ्याजवळ नागीण येऊन गेली असेल तर तेही सांगा.

भूल कोणती देतात? दुखतं का?

बहुतेक वेळा जागेवरची भूल आणि सोबत शिरेतून थोडं गुंगीचं औषध पुरतं. चारही पापण्या एकदम करायच्या असतील किंवा माणूस फार घाबरत असेल तर पूर्ण भूल देतात. प्रत्येक पापणीत साधारण १ ते २ मिलिलिटर लिग्नोकेन अ‍ॅड्रेनॅलिनसह टोचतात. टोचताना काही सेकंद चांगलंच झोंबतं. त्यानंतर ७ ते १० मिनिटं थांबावं लागतं, कारण अ‍ॅड्रेनॅलिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावायला तेवढा वेळ जातो. ही मिनिटं वाचवली की रक्त जास्त येतं आणि नंतर डोळे जास्त काळेनिळे होतात.

नंतर सुरीची धार जाणवत नाही, ओढल्यासारखं आणि दाबल्यासारखं मात्र जाणवतं. चरबी पुढे ओढताना डोळ्याच्या मागे खोलवर ठणका येऊ शकतो, कारण तिथपर्यंत भूल पोहोचलेली नसते. तसं झालं तर लगेच बोला, आणखी भूल देता येते. रक्तवाहिनी बंद करताना जळका वास येतो. तो ठाऊक नसेल तर माणूस दचकतो आणि डोके हलवतो.

वरच्या पापणीची शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने कशी होते?

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा सुरी लावण्याआधीचा आहे. तुम्हाला बसवून, भूल टोचण्याआधी, पापणीवर बारीक पेनाने खुणा करतात. झोपल्यावर भुवई आणि कातडी दोन्ही सरकतात आणि भुलीने पापणी फुगते, म्हणून नंतर केलेली खूण फसवी असते. खालची रेघ नैसर्गिक घडीवर येते. स्त्रियांमध्ये ती पापणीच्या कडेपासून साधारण ८ ते १० मिलिमीटरवर असते, पुरुषांमध्ये ६ ते ८ वर. पुरुषाची घडी उंच केली की डोळे बायकी दिसतात, तेव्हा ही दोन-तीन मिलिमीटरं क्षुल्लक नाहीत.

मग बोथट चिमट्याने जास्तीची कातडी चिमटीत धरून पाहतात. केस जेमतेम वर वळायला लागले, पण डोळ्याची फट उघडली नाही, इतकीच कातडी काढायची. शेवटी पट्टी लावून खात्री करतात: भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत निदान २० मिलिमीटर कातडी उरली पाहिजे. त्याहून कमी उरली तर डोळा मिटायला अडचण येते.

छेद घेऊन कातडी काढली की चरबीकडे वळतात. वरच्या पापणीत चरबीचे दोन कप्पे असतात. मधला पिवळसर, नाकाकडचा फिकट पांढरट. बाहेरच्या बाजूला फुगवटा दिसला तर ती बहुधा चरबी नसते, खाली उतरलेली अश्रुग्रंथी असते. तिला चरबी समजून कापलं तर डोळा कायमचा कोरडा पडू शकतो. मधली चरबी हल्ली फार काढत नाहीत, कारण तिथला भरीवपणा गेला की पापणी खोल जाते आणि माणूस आणखी वयस्क दिसतो.

रक्तस्राव पूर्ण थांबल्याची खात्री करून ६-० (हा धाग्याच्या जाडीचा क्रमांक) सारख्या बारीक धाग्याने टाके घालतात. ते ५ ते ७ दिवसांत काढतात. त्याहून जास्त ठेवले तर टाक्यांच्या खुणा आणि बारीक पांढऱ्या पुटकुळ्या राहतात.

खालच्या पापणीचा छेद आतून घेतात की बाहेरून?

पापणीच्या आतल्या गुलाबी बाजूने छेद घेतला तर बाहेर व्रण दिसत नाही, बहुधा टाकेही लागत नाहीत आणि पापणी खाली ओढली जाण्याचा धोका कमी असतो. फक्त पिशव्या असतील आणि कातडी घट्ट असेल तर हाच मार्ग चांगला. केसांच्या लगेच खाली घेतलेल्या बाहेरच्या छेदातून कातडी आणि स्नायू यांचंही काम करता येतं, मात्र धोका वाढतो. आतून चरबी आणि बाहेरून चिमटीएवढीच कातडी, असा मधला मार्गही आहे.

इथे चरबीचे तीन कप्पे असतात. नाकाकडच्या आणि मधल्या कप्प्याच्या मधून डोळा फिरवणारा एक छोटा स्नायू जातो. त्याला इजा झाली तर दोन-दोन दिसू लागतं. पूर्वी चरबी सरसकट काढायचे, त्यातून काही वर्षांनी डोळ्यांखाली खड्डे पडलेले दिसायचे. आता पिशवीखालची खोल रेघ भरून काढण्यासाठी तीच चरबी खाली सरकवून बसवतात. याला वेळ जास्त लागतो आणि सूजही जास्त दिवस राहते, पण खोलगट चेहऱ्याच्या माणसासाठी ते योग्य आहे.

लेझरने केलेलं जास्त चांगलं का?

लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने छेद घेताना रक्त कमी येतं. काही महिन्यांनी व्रणात विशेष फरक दिसत नाही. मोजमाप चुकलं तर लेझर ते सुधारत नाही.

पहिल्या ४८ तासांत घरी काय करायचं?

थंड शेक द्या. बर्फाचा चुरा किंवा जेल पॅक स्वच्छ कापडात गुंडाळून, जागे असताना दर तासाला १० ते १५ मिनिटं ठेवा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका: पापणी बधिर असते, गारठून इजा झाली तरी कळत नाही. दोन-तीन उश्या घेऊन डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवून उताणे झोपा. वाकणं, जड उचलणं, शौचाला जोर करणं टाळा. बद्धकोष्ठतेची सवय असेल तर त्याचं औषध आधीपासून घ्या. वेदनेसाठी पॅरासिटामोल पुरतं. मनाने आयब्युप्रोफेन घेऊ नका.

प्रतिजैविक मलम टाक्यांवर बारीक थर देऊन लावायचं. थोडं डोळ्यात गेलं की धूसर दिसतं, पण डोळे मिचकावले की ते साफ होतं. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि रात्री झोपताना डोळ्यात घालायचं जाड मलम, हे बहुतेकांना पहिले दोन आठवडे लागतं. डोळ्यावर पट्टी बांधून ठेवत नाहीत, कारण पट्टीखाली रक्त साचलं किंवा नजर कमी झाली तर कळणार नाही. जागे असताना एकेक डोळा झाकून समोरची बोटं मोजून पाहा.

नजर जाऊ शकते का?

हा धोका फार दुर्मीळ आहे, पण खरा आहे. डोळ्याच्या मागे रक्तस्राव होण्याचं प्रमाण साधारण २,००० शस्त्रक्रियांमागे एक धरतात आणि नजर कायमची जाण्याचं साधारण २०,००० मागे एक. साचलेल्या रक्ताचा दाब डोळ्याच्या नसेवर आणि दृष्टिपटलाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांवर येतो. बहुतेक वेळा हे पहिल्या २४ तासांत घडतं. खोकल्याची उबळ, उलटी, वाढलेला रक्तदाब किंवा लवकर केलेली जड कामं हे निमित्त ठरू शकतं.

लक्षणं अशी: एकाच डोळ्यात अचानक वाढत जाणारा ठणका, डोळा दगडासारखा घट्ट होऊन पुढे येणं, पापणी उघडता न येण्याइतकी ताणणं, अंधुक दिसणं किंवा दिसेनासं होणं, सोबत मळमळ. यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. सर्जनला फोन करा आणि निघा, गाडी दुसऱ्याला चालवू द्या. दीड-दोन तासांत दाब उतरला नाही तर झालेलं नुकसान बहुधा भरून येत नाही. उपचार म्हणजे टाके उघडून रक्त बाहेर काढणं आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात छेद देऊन दाब मोकळा करणं. कोणत्याही आपत्कालीन विभागात पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: पापणीची शस्त्रक्रिया झाली आहे आणि नजर कमी होत आहे.

दोन्ही डोळ्यांना सारखी सूज, हलकी जळजळ, गुलाबीसर पाणी येणं, सकाळी पापण्या चिकटणं हे नेहमीचं आहे. त्याने घाबरू नये.

चेहरा पूर्ववत व्हायला किती दिवस?

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. याच दिवशी माणूस आरशात पाहून हबकतो. काळानिळा रंग हळूहळू हिरवट, मग पिवळा होत गालांवर उतरतो आणि १० ते १४ दिवसांत जातो. टाके निघाल्यावर, म्हणजे आठवडाभराने, बैठं काम सुरू करता येतं. लोकांसमोर निर्धास्त जायला दोन आठवडे धरा. घरात लग्नकार्य किंवा मोठा समारंभ असेल तर निदान सहा आठवडे आधी शस्त्रक्रिया व्हावी.

फिरणं पहिल्याच दिवशी चालतं, दमवणारा व्यायाम दोन ते तीन आठवड्यांनी, पोहणं तीन-चार आठवड्यांनी. मेकअप १० ते १४ दिवसांनी, तोही नवीन डबीतला. कॉन्टॅक्ट लेन्स साधारण दोन आठवडे नको, कारण ती घालताना पापणी ओढली जाते. मोबाइल किंवा संगणक पाहिल्याने टाक्यांना काही होत नाही, पण पडद्याकडे पाहताना डोळ्यांची उघडझाप कमी होते आणि कोरडेपणा वाढतो. थेंब घालत थोडा थोडा वेळ पाहा.

खालच्या पापणीनंतर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पाणी भरल्यासारखा फुगवटा येऊ शकतो. तो दिसायला भयंकर, पण बहुधा थेंब आणि मलम यांनी काही आठवड्यांत उतरतो. वरची पापणी छेदाखाली दोन-तीन महिने बधिर राहते. काजळ लावताना ते जाणवतं.

चष्म्याचा नवीन नंबर तीन महिन्यांनी काढा. पापणीचा भार कमी झाल्याने कॉर्नियाचा आकार किंचित बदलू शकतो.

डोळा पूर्ण मिटत नाही. कातडी जास्त काढली गेली का?

पहिल्या काही दिवसांत १-२ मिलिमीटरची फट नेहमीची आहे: स्नायू सुजलेला असतो आणि टाके ओढतात. तोवर रात्री मलम चुकवू नका. सर्जनने दाखवल्याप्रमाणे हलका मसाज दोन-तीन आठवड्यांनंतर सुरू करतात. महिना-दोन महिन्यांनंतरही फट तशीच राहिली, डोळा लाल राहिला किंवा नजर धूसर झाली, तर कॉर्निया तपासून घ्या. खरोखर जास्त कातडी काढली गेली असेल तर कानामागची किंवा दुसऱ्या वरच्या पापणीची कातडी आणून लावावी लागते. ती जुळते, पण मूळच्यासारखी कधी होत नाही.

दोन्ही डोळे सारखे का दिसत नाहीत?

आधीचे फोटो काढून पाहा. बहुतेकांचे डोळे मुळातच सारखे नसतात, नंतर लक्ष जास्त जातं इतकंच. सूजही दोन्हीकडे एका वेगाने उतरत नाही, ज्या कुशीवर झोपता तिकडे सकाळी जास्त असते. तीन महिन्यांपर्यंतच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. टोसिसची शस्त्रक्रिया एका डोळ्याला केली असेल तर दुसरी पापणी थोडी खाली आल्यासारखी दिसू शकते, कारण दोन्ही पापण्या उचलण्याचा संदेश मेंदू एकत्रच पाठवतो. अनुभवी सर्जन हे आधी तपासून सांगतो.

व्रण दिसतो का?

वरचा व्रण घडीत लपतो. सहा ते आठ आठवडे तो गुलाबी आणि किंचित कडक लागतो, पूर्ण मऊ व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. बाहेरच्या कोपऱ्याकडे कातडी जाड असल्याने तिथला टोकाचा भाग सगळ्यात उशिरा विरतो. उन्हात काळा चष्मा वापरा. टाक्यांच्या रेषेवर मोहरीएवढ्या पांढऱ्या पुटकुळ्या आल्या तर नखाने फोडू नका, दवाखान्यात सुईच्या टोकाने काढतात.

शस्त्रक्रियेशिवाय काही उपाय?

आहेत, पण मर्यादित. बोटॉक्सने भुवई १-२ मिलिमीटर वर येऊ शकते, परिणाम तीन-चार महिने टिकतो. टोसिससाठी ऑक्सिमेटाझोलिन ०.१ टक्के थेंबांनी पापणी काही तास साधारण मिलिमीटरभर उचलली जाते, पण जास्तीची कातडी जात नाही. डोळ्यांखालच्या खोल रेघेत फिलर, म्हणजे खोलगटपणा भरून काढणारं इंजेक्शन, भरतात. तिथे हाताला फार जपावं लागतं: रक्तवाहिनीत गेल्यास नजर जाऊ शकते, आणि उथळ भरल्यास निळसर फुगवटा दिसतो. आधी कधी फिलर घेतलं असेल तर सर्जनला सांगा. ते बरीच वर्षे आत राहू शकतं आणि पिशवीसारखं दिसतं. खालच्या पापणीची शस्त्रक्रिया ठरवण्याआधी ते विरघळवून घ्यावं. पिशव्या घालवण्याचा दावा करणाऱ्या क्रीमवर पैसे घालवू नयेत, क्रीम त्या चरबीपर्यंत पोहोचतच नाही.

परिणाम किती वर्षं टिकतो?

वरच्या पापणीचा साधारण ७ ते १० वर्षं, कारण कातडी सैल पडणं आणि भुवई उतरणं थांबत नाही. खालच्या चरबीचं काम त्याहून जास्त टिकतं. बहुतेकांना ते पुन्हा करावं लागत नाही.

निकाल मनासारखा नसेल तर पुन्हा कधी करता येते?

डोळा मिटत नसल्याने कॉर्निया धोक्यात असेल तर थांबायचं नाही. बाकी दुरुस्त्यांसाठी सहा महिने जाऊ द्यावेत, आतला व्रण मऊ होईपर्यंत पापणीची खरी जागा ठरत नाही. थोडी कातडी उरली असेल तर दुरुस्ती सोपी असते: जागेवरच्या भुलीत अर्ध्या तासात दोन-तीन मिलिमीटरची पट्टी काढता येते. खाली ओढल्या गेलेल्या पापणीवर सुरुवातीला मसाज, व्रणात स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि चिकटपट्टीचा आधार देऊन पाहतात, पुरलं नाही तर कोपरा घट्ट करून आतून आधाराचा तुकडा लावतात. दुसऱ्या सर्जनकडे जाणार असाल तर पहिल्या शस्त्रक्रियेची कागदपत्रं आणि आधीचे फोटो मागून घ्या. किती कातडी काढली आणि कोणत्या कप्प्यातली चरबी काढली, ही नोंद त्यांना सगळ्यात आधी लागते.